तो मारत नाही, तरी भीती वाटते

प्रिय मैत्रिणी,

"ताई, तो मारत नाही, शिव्याही देत नाही, मग मला त्याची भीती का वाटते?" असं तू तुझ्या जोडीदाराबद्दल विचारलंयस. उत्तर तुझ्याच पत्रात आहे. इन्स्टाग्रामचा पासवर्ड त्याच्याकडे. लाइव्ह लोकेशन दिवसभर चालू. मैत्रिणींबरोबर असलीस की व्हिडिओ कॉल करून तो खोलीभर कॅमेरा फिरवायला लावतो. आणि भांडण झालं की खासगी फोटो सगळ्यांना पाठवण्याची धमकी.

हा छळ आहे. पासवर्ड तू स्वतःच दिलास, हे तू दोनदा लिहिलंयस, जणू सगळी चूक तुझीच. नकार दिला तर काय होईल या धास्तीने दिलेला होकार मी होकार मानत नाही.

पण घाईघाईने सगळं बंद करू नकोस. लोकेशन अचानक दिसेनासं झालं की अशी माणसं बिथरतात. ज्या मैत्रिणीला त्याने ब्लॉक करायला लावलं, तिला आधी प्रत्यक्ष भेट, तेही ऑफिसच्या वेळेत, ऑफिसजवळच, म्हणजे लोकेशनमध्ये वेगळं काही दिसणार नाही. धमक्यांच्या मेसेजचे फोटो तिच्या फोनने काढा, तारीख-वेळ दिसेल असे. तुझ्या फोनवरचे स्क्रीनशॉट त्याच्या नजरेस पडू शकतात. बऱ्याच देशांत अशी धमकी हाच गुन्हा असतो. पोलिसांकडे जायचं ठरवलंस तर हे पुरावे लागतील.

मग तिच्याच फोनवरून पहिल्यांदा ई-मेलचा पासवर्ड बदल, कारण बाकीचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक तिथेच येतात. त्यानंतर इन्स्टाग्राम. दोन्हीकडे टू-स्टेप व्हेरिफिकेशन लाव, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागितला जातो. तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघ. कधीतरी तुझा फोन हातात घेऊन त्याने स्वतःचा कम्प्युटर जोडला असेल, तर तुझे मेसेज तो तिथे बसून वाचत असेल. अनोळखी काही दिसलं तर लॉग आउट कर.

फोटोंसाठी 'स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग' (StopNCII.org) ही 2021 मध्ये सुरू झालेली मोफत सेवा आहे, अठरा वर्षांवरच्यांसाठी. फोटो तुझ्याकडेच राहतो. त्याचा फक्त डिजिटल ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तोच फोटो कुणी तिथे टाकला तर त्यांना तो ओळखून हटवता येतो. सहभागी नसलेल्या साइटवर मात्र याचा उपयोग नाही.

रात्री दोनला दचकून फोन बघतेस, ही सवय तुला धाकाने लागलीय. ती सुटायला वेळ लागेल. त्याच्यापासून सुरक्षित झालीस की व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आणि 'लास्ट सीन' बंद कर, आवाज फक्त जवळच्या दोन-चार माणसांच्या कॉलचा ठेव. कुठे गेलीस याचे फोटो तिथून निघाल्यावरच टाक. आणि मेसेजला उत्तर सवडीने दे. पहिले काही दिवस जीव कासावीस होईल, तरीही.

मला पुन्हा जरूर लिही. फक्त तुझ्या फोनवरून लिहू नकोस.

तुझी ताई