उलटी गर्भारपणाची की जुन्या आजाराची?

सातवा महिना चालू आहे. पाच वर्षांपूर्वी तुला बुलिमिया (भान सुटून खूप खायचं आणि मग मुद्दाम उलटी काढायची, असा खाण्याचा आजार) होता आणि मधल्या काळात तो शांत झाला होता. आता पुन्हा आठवड्यातून दोन-तीनदा जेवणानंतर मुद्दाम उलटी काढतेस आणि घरी ‘मळमळतंय’ म्हणतेस. डॉक्टरांना यातलं काहीच ठाऊक नाही. बाळंत झाल्यावर हे आपोआप थांबेल का, असं तू विचारलं आहेस.

त्या भरवशावर राहू नकोस. पुष्कळ जणींना पोटात बाळ असेपर्यंत उलट आराम पडतो, कारण बाळासाठी खायचं असतं. बाळंतपणानंतर ते कारण सरतं, झोपेचं खोबरं होतं, आणि जो तो ‘वजन कधी उतरवणार?’ विचारू लागतो. आजार डोकं वर काढतो तो तेव्हा. तुझ्या बाबतीत त्याने तोवरही वाट पाहिलेली नाही.

म्हणून डॉक्टरांना याच आठवड्यात सांग. तोंडातून शब्द फुटत नसेल तर चिठ्ठीवर लिहून दे: ‘मला पूर्वी बुलिमिया होता, आता पुन्हा मुद्दाम उलट्या काढते आहे.’ ‘मुद्दाम’ हा शब्द गाळू नकोस; तो गाळलास तर मळमळीची गोळी घेऊन परत येशील. तो कळला तर रक्तातलं पोटॅशियम तपासतील. वारंवार उलट्यांनी ते घटतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. छातीत धडधड, भोवळ, स्नायूंत अशक्तपणा किंवा उलटीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. वजन करताना काट्याकडे पाठ करून उभी राहा आणि आकडा मोठ्याने वाचू नका म्हणून सांग. (या उत्तरातही वजनाचा आकडा मुद्दामच दिलेला नाही.)

दिवसभर पोट मारलं की रात्री भान सुटून खाल्लं जातं आणि मग उलटी. म्हणून तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं खाणं. दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नकोस, आम्लाने मऊ पडलेलं दातांवरचं कठीण आवरण (इनॅमल) घासलं जातं. नुसती चूळ भर.

बाळंतपणानंतर मनःस्थिती तपासायला बऱ्याच ठिकाणी एडिनबरा प्रश्नावली देतात. तिच्या 10 प्रश्नांत खाण्याबद्दल एकही नाही, तेव्हा गुण चांगले आले तरी हा विषय तूच काढ. पहिल्या आठवड्यात येणारं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे उदासी टिकली तर नैराश्याची तपासणी करून घे. स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली, भास झाले, तर एक रात्रही थांबायचं नाही. मनासाठी औषध सुरू झालं तर अंगावर पाजतेस म्हणून ते परस्पर बंद करू नकोस. पाजताना चालणारी औषधं आहेत.

नवऱ्याला सांगू का, हेही विचारलंस. सांग, पण त्याला पहारेकरी करू नकोस. जेवणानंतरचा तास सगळ्यात अवघड असतो, तेवढा वेळ त्याने तुझ्याजवळ बसावं, हवं ते बोलावं. ताटात किती उरलं, हे मात्र बोलायचं नाही.