जुन्या गाडीचा इमोबिलायझर बायपास करून टाकावा का?

नका करू. मेकॅनिक कितीही गोड बोलला तरी नका करू.

तुम्ही लिहिलंय की 2009 ची डिझेल स्विफ्ट कधी पहिल्या सेल्फला चालू होते, तर कधी सेल्फ नुसताच फिरतो आणि डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकत राहतं. रिमोटचा सेल बदलला तरी फरक नाही. तो पडणारच नव्हता. रिमोटची बटणं दारांसाठी असतात. इंजिनसाठी चावीच्या डोक्यात वेगळी चिप असते आणि तिला सेल लागत नाही. चावी फिरवली की लॉकभोवतीची तांब्याच्या तारेची कॉइल 125 किलोहर्ट्झच्या लहरींतून तिला वीज देते, चिप आपला नंबर सांगते आणि तो जुळला तरच ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, डिझेल सोडतो. ही नंबर तपासायची व्यवस्था म्हणजेच इमोबिलायझर, मारुतीवाले त्याला आयकॅट्स म्हणतात. बायपास केला की ही तपासणीच बंद होते. म्हणजे बिचारा सेल्फ, डिझेल पंप, इंजिन सगळं ठणठणीत असूनही गाडी जागची हलत नाही, आणि अशा वेळी गिऱ्हाईक घाबरलेलं असतं.

आमचीही स्विफ्टच, तुमच्यापेक्षा एका वर्षाने जुनी. चावीचं कव्हर कडीपाशी तुटलं होतं, म्हणून दाजींनी लातूरला गंजगोलाईतल्या एका चावीवाल्याकडून फ्लिपचं नवं कव्हर बसवून आणलं. दिसायला झकास. मे महिन्यात मामेबहिणीच्या लग्नाला अंबाजोगाईला निघालो, रेणापूरच्या पुढे रसवंतीवर थांबलो. रस पिऊन परत गाडीत बसलो तर सेल्फ खणखणीत फिरतोय, इंजिन काही घेत नाही. मागे आई, ताई, तिच्या मांडीवर झोपलेलं पोर आणि पायाशी आहेराची भांडी. स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता इतकं तापलेलं.

रसवंतीवाल्याने फोन करून एक मेकॅनिक बोलावला. त्याने आधी डिझेल फिल्टर खोलला, मग एकेक रिले काढून घातला आणि शेवटी ते लुकलुकणारं चित्र बघून सांगितलं, ईसीएम गेलाय, नवा टाका, नाहीतर इमोबिलायझर उडवून देतो. दाजी लगेच तयार. "उडव रे बाबा. एवढ्या जुन्या गाडीला कोण चोरतंय?"

मी म्हणालो, "दाजी, थांबा जरा," आणि चावी कानाशी धरून हलवली. आत बारीक खुळखुळ. रिमोटचं सर्किट स्क्रूने घट्ट बसलेलं होतं, त्याचा आवाज येणं शक्य नव्हतं. नखाने कव्हर उघडलं. चिपची खाच रिकामी, तिच्या कडेला फेविक्विकचा पांढरा पापुद्रा, आणि सेंटीमीटरभर लांबीचा तो काळा तुकडा घसरून पार सेलच्या बाजूला गेलेला. चावीवाल्याने चिप खाचेत दाबून बसवायच्या ऐवजी थेंबभर गोंदावर टेकवली होती. उन्हाने गोंद सुटला. चावी कशी धरली यावर चिप कधी कॉइलच्या जवळ येई, कधी लांब जाई. चिप खाचेत दाबली, वरून कागदाची घडी दिली, कव्हर बंद केलं. पहिल्या सेल्फला गाडी चालू. मेकॅनिकला येण्या-जाण्याचे पैसे दिले आणि निघालो.

दाजींचं म्हणणं मात्र आजही तेच, त्या दिवशी उडवला असता तर कायमची कटकट मिटली असती. दर भाऊबीजेला ताटावर हा विषय निघतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो. कटकट कव्हरची होती, इमोबिलायझरची नव्हती. युरोपीय संघात 1998 पासून नव्या कारला इमोबिलायझर सक्तीचा आहे, तो काय शोभेला? अमेरिकेत ह्युंदाई आणि कियाच्या 2011 ते 2021 मधल्या बऱ्याचशा चावीवाल्या गाड्यांत तो नव्हता. 2022 च्या सुमारास पोरं व्हिडिओ बघून यूएसबी केबलच्या टोकाने त्या गाड्या चालू करून पळवायला लागली. शेवटी कंपन्यांना सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं. बायपास केला की आपली गाडी त्याच रांगेत जाऊन बसते. कुठल्याही टपरीवर घासून घेतलेली साधी चावी तिला चालते. आणि जुनी गाडी पार्टसाठी चोरली जाते, तिचं वय कोण बघतं? चोरीचा क्लेम करायला गेलात की विमा कंपनी पहिल्यांदा दोन्ही मूळ चाव्या मागते. त्यात बायपास उघडकीला आला तर क्लेम अडवायला आयतं निमित्त. त्या मेकॅनिकला मी दाजींसमोरच म्हणालो होतो, "इमोबिलायझर बंद केला असं बिलावर लिहून द्या." तो म्हणाला, बिल मिळणार नाही. यातच काय ते आलं.

तुमच्या गाडीचं म्हणाल तर आधी कपाटातली दुसरी चावी काढून तिच्यावर चार-सहा दिवस गाडी चालवा. तिच्यावर एकदाही अडली नाही तर दोष पहिल्या चावीत, गाडीला कुणाला हात लावू देऊ नका. चावी कड्यातून मोकळी करून बघा, त्याच कड्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तरी गडबड होते. दोन्ही चाव्यांवर अडत असेल तर बॅटरीवाल्याकडून सेल्फ मारताना व्होल्टेज बघून घ्या. ते 10 च्या बरंच खाली जात असेल तर ईसीएम आणि इमोबिलायझरचं बोलणं मध्येच तुटू शकतं. बॅटरीच्या टोकांवर पांढरा क्षार आला असेल तर तो आधी घासा. बाहेरून बसवलेला अलार्म किंवा सेंट्रल लॉक असेल तर त्याच्या वायरिंगवर माझा पहिला संशय, डॅशबोर्डखाली इन्सुलेशन टेपने गुंडाळलेले ते जोड उन्हाळ्यात सुटतात.

एवढं करूनही दोन्ही चाव्यांवर चित्र लुकलुकत राहिलं तर मात्र कॉइल, तिची वायर किंवा खरंच ईसीएमचा दोष असू शकतो. डॅशबोर्डखाली कधी पाणी शिरलं असेल तर जास्तच. तिथे घरगुती उपाय चालत नाहीत, स्कॅनर लावणाऱ्याकडेच जावं लागतं. बटणस्टार्ट गाड्यांनाही वरचं सगळं जसंच्या तसं लागू नाही. नवी चावी कोड करायची वेळ आली तर आरसी, आधार आणि चावीबरोबर आलेली नंबरची पट्टी न्या, आणि घरातल्या सगळ्या चाव्या सोबत ठेवा. बऱ्याच गाड्यांत कोडिंगच्या वेळी समोर नसलेली चावी यादीतून उडते आणि मग तीही नव्याने कोड करावी लागते.