जवसाने गरम वाफा थांबतात का?

ताई, पाळी जायच्या वयात अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, तर रोज जवसाची चटणी आणि शतावरी कल्प घेऊन फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. चटणी खुशाल खा. पण वाफा थांबवायला तिच्या भरवशावर राहू नका.

जवसात लिग्नान नावाचे घटक असतात. आतड्यातले जिवाणू त्यांच्यापासून इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनसारखं, पण फारच सौम्य काम करणारी द्रव्यं तयार करतात. २००७ साली छापून आलेल्या एका छोट्या अभ्यासात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने काही बायकांना रोज ४० ग्रॅम कुटलेलं जवस सहा आठवडे दिलं आणि वाफा निम्म्यावर आल्या. तुलनेला दुसरा गट मात्र नव्हता. मग १८८ बायकांवर नीट चाचणी झाली, तिचा निकाल २०१२ मध्ये आला. एका गटाला जवसाची वडी, दुसऱ्याला बिनजवसाची, कुणाला कोणती ते सांगायचं नाही. दोन्हीकडे एक तृतीयांशाहून थोड्या जास्त बायकांचा त्रास निम्मा झाला! वाफा आपसूकही कमी होतात आणि औषध चालू आहे या विश्वासानेही, त्यामुळे शेजारणीला गुण आला हा पुरावा धरता येत नाही.

शिवाय ४० ग्रॅम म्हणजे पाच-सहा मोठे चमचे. भाकरीवर तेल घालून आपण घेतो ती चटणी चमचा-दीड चमचा. अख्खं जवस न पचता बाहेर पडतं, म्हणून मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, पूर्ण गार करा, मगच कुटा. गरम कुटलं की तेल सुटून गोळा होतो. आठवड्यापुरतंच करा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूट लवकर खवट होतं. वर पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट गच्च होतं. थायरॉइडच्या गोळीपासून काही तास लांब ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शतावरीवरचे अभ्यास छोटे आहेत, ठाम काही सांगता येत नाही. कल्पात साखर बरीच असते, मधुमेह असेल तर टाळाच.

त्रास झोप उडवण्याइतका असेल तर हार्मोनच्या गोळ्यांइतका गुण दुसऱ्या कशाने येत नाही. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांना त्या सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेन्टिन अशी बिनहार्मोनची औषधं आहेत. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त गेलं, तरी घरगुती उपाय न करता लगेच तपासून घ्या.

आणखी एक, आपल्या भागासाठी फार महत्त्वाचं. बीड जिल्ह्यात २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाची पिशवी काढलेली निघाली. कमी वयात पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर प्रश्न फक्त वाफांचा राहत नाही, हाडं आणि हृदयही धोक्यात येतं. तिथे जवस-शतावरी पुरत नाही. अडचण नसेल तर पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन देतात. ऑपरेशन झालेलं असेल तर डिस्चार्ज कार्ड काढून बघा: ‘टीएएच’ (म्हणजे पिशवी काढली) याच्यापुढे ‘बीएसओ’ लिहिलं असेल तर दोन्ही अंडाशयं काढलेली आहेत. ते कार्ड घेऊनच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.