चिनी व्यवसाय कायद्यात ऑनलाइन एलएलएम केल्याचा भारतात उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की नागपुरात एलएलबी करून काही वर्षं वकिली झाली आहे, चिनी भाषेचं अक्षरही येत नाही, काम न सोडता चिनी व्यवसाय कायद्यात ऑनलाइन एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, केलं तर इथे उपयोग होईल का, आणि पुढेमागे प्राध्यापकी मिळेल का. मी अशी पदवी ब्रिटनमधल्या एका विद्यापीठातून नोकरी सांभाळून केली. चाकणच्या एका कारखान्यात करारांचं काम बघते. साचे आणि सुटे भाग चीनहून येतात, त्यामुळे विषय रोजच्या टेबलावरचाच होता.

प्राध्यापकीचं आधी उरकते: त्यासाठी ही पदवी घेऊ नका. यूजीसीच्या 2020 च्या नियमांनुसार आपल्याकडे कायद्याची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देताच येत नाही. चिनी विद्यापीठांबद्दल तर 25 मार्च 2022 ला यूजीसीने जाहीर सूचनाच काढली होती की पूर्वपरवानगीशिवाय फक्त ऑनलाइन केलेली पदवी मान्य होणार नाही. बाकी देशांच्या पदवीसाठीही समकक्षतेचं काय ते प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. एजंट ‘सगळीकडे चालते’ म्हणेल. त्याचं कमिशन सुटलं की तो मोकळा.

चीनमध्ये वकिली करायचं डोक्यात असेल तर तेही काढून टाका. तिथली वकिलीची परीक्षा परदेशी नागरिकाला देता येत नाही. चीनमध्ये कार्यालय थाटलेल्या परदेशी लॉ फर्म्सनाही तिथल्या न्यायालयात उभं राहता येत नाही.

एवढं वजा केल्यावर जे उरतं ते मात्र चांगलं घसघशीत आहे. चिनी पुरवठादाराचा करार समोर आला की कुठे बोट ठेवायचं हे कळायला लागतं. आपल्याकडे चीनहून माल आणणारे पैशाला पासरी आहेत, आणि त्यांचे करार बहुतेक वेळा इंटरनेटवरून उचललेले असतात.

शिक्क्याचंच घ्या. आपल्याकडे 2015 च्या दुरुस्तीनंतर कंपनीचा शिक्का ऐच्छिक झाला. चीनमध्ये कंपनीचा गोल लाल शिक्का पोलीस खात्याकडे नोंदवलेला असतो, आणि तो ज्याच्या हातात त्याच्या हातात कंपनी, असा व्यवहार आहे. एप्रिल 2020 मध्ये डांगडांग या पुस्तकविक्री कंपनीचे सहसंस्थापक ली ग्वोछिंग माणसं घेऊन कार्यालयात शिरले आणि 47 शिक्के उचलून घेऊन गेले. कंपनी त्यांच्या पत्नीच्या ताब्यात होती, भांडण घरचंच. त्याच वर्षी आर्म चायना या चिप-आराखड्यांच्या कंपनीच्या संचालक मंडळाने प्रमुख ॲलन वू यांना काढलं, पण शिक्का त्यांच्याकडेच असल्याने ते एप्रिल 2022 पर्यंत हलले नाहीत. कागदोपत्री काढलेला माणूस जवळजवळ दोन वर्षं खुर्चीत! हे वाचल्यावर करारावर नुसती सेल्स मॅनेजरची सही बघून कोण गप्प बसेल? मी आता तीन गोष्टी तपासल्याशिवाय फाइल पुढे सरकवत नाही: परवान्यावरचं चिनी लिपीतलं नाव, अठरा अंकाक्षरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्क्यातलं नाव. इंग्रजी नाव पुरवठादार हवं ते लावतो, त्याला कायद्यात आधार नसतो. तिन्ही जुळले आणि बँक खातं मात्र हाँगकाँगच्या दुसऱ्याच कंपनीचं निघालं, तर पैसे थांबवायचे. हाँगकाँगची कंपनी म्हणजे वेगळी कंपनी आणि कायदाही वेगळा.

यात एक बारकावा आहे, आणि तो वर्गात शिकल्याशिवाय कळला नसता. डिसेंबर 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने करारांबद्दल न्यायिक विवेचन काढलं. त्यानुसार अधिकृत प्रतिनिधीने अधिकारात राहून सही केली असेल, तर केवळ शिक्का नाही किंवा शिक्का नोंदवलेला नाही एवढ्यावर कंपनीला हात झटकता येत नाहीत. म्हणजे शिक्का सर्वस्व नाही. पण अधिकार सिद्ध करायची कटकट मग तुमच्या गळ्यात.

ही विवेचनं हाच या अभ्यासाचा गाभा म्हणायला हरकत नाही. आपण निवाड्यांवर वाढलेले वकील, कलम वाचलं की हात लगेच निवाड्याकडे जातो. तिथे 1 जानेवारी 2021 पासून 1260 कलमांची नागरी संहिता आहे. तिचा अर्थ लावायला न्यायालय स्वतःच नियमांसारखी विवेचनं काढतं, आणि खालची न्यायालयं ती पाळतात. उशिरा माल दिल्याचा दंड बघा. आपल्या 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 मध्ये करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, त्याच्या आत वाजवी भरपाई. चिनी संहितेच्या कलम 585 नुसार रक्कम नुकसानीपेक्षा कमी पडली तर ती वाढवूनही मागता येते, आणि अवाजवी असेल तर कमी करून मागता येते. नुकसानीच्या 30 टक्क्यांहून जास्त झाली की सर्वसाधारणपणे अवाजवी धरतात. आमच्या खरेदी विभागाला मोठमोठे दंड लिहायची भारी हौस. त्यांना हे समजावलं तेव्हा फार आनंद झाला नाही कुणाला.

आणि वाद झाला तर? चीन हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली अधिसूचित देश नाही, म्हणजे तिथला निकाल आणून इथे थेट अंमलबजावणी होत नाही. लवादाचं तसं नाही. एकमेकांचे लवाद निवाडे मानायचे असा जो न्यूयॉर्कचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात दोन्ही देश आहेत, आणि भारताने 19 मार्च 2012 ला चीनला अधिसूचितही केलं. म्हणून लवादाचं कलम नीट लिहायचं, आणि संस्थेचं नाव घालूनच लिहायचं. ‘बीजिंगमध्ये लवाद’ एवढंच लिहून सोडलं तर चिनी कायद्याखाली ते कलम रद्द ठरायची भीती असते. सिंगापूर किंवा हाँगकाँगची संस्था घातली तर दोघांनाही सहसा चालते.

कंपनी कायदा, परकीय गुंतवणूक, स्पर्धा कायदा, विदा (डेटा) संरक्षण हे सगळं अभ्यासक्रमात असतं, पण इथे बसून त्याचा उपयोग कमी. 17 एप्रिल 2020 च्या प्रेस नोट 3 ने शेजारी देशांतल्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची केली, त्यानंतर चिनी गुंतवणुकीचं इथलं काम आटलंच होतं. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ग्रेट वॉल ही चिनी मोटार कंपनी घेणार होती. परवानग्या अडल्या, 2022 मध्ये सौदा फिसकटला आणि कारखाना शेवटी ह्युंदाईने घेतला. विषय निवडायची मुभा असेल तर करार, लवाद आणि ट्रेडमार्क घ्या. ट्रेडमार्क अशासाठी की तिथे जो आधी अर्ज करील त्याचा हक्क. आयपॅड या नावासाठी ॲपलला 2012 मध्ये 6 कोटी डॉलर मोजावे लागले, मग आपल्या इचलकरंजीच्या यंत्रवाल्याची काय कथा.

आता भाषा. वर्ग इंग्रजीत चालतात, भाषांतरं मिळतात, पदवीही मिळून जाते. पण भाषांतराला कायद्याचं बळ नाही आणि नवी विवेचनं इंग्रजीत यायला वेळ लागतो. बोलता नाही आलं तरी चालेल, कंपनीचं नाव, पत्ता, ‘पक्ष अ’, ‘पक्ष ब’ एवढी अक्षरं ओळखता आली पाहिजेत. प्रवेशाच्या आधीपासून सुरुवात करा, कारण सत्र चालू झालं की वेळ मिळत नाही. ब्रिटनचे संध्याकाळचे वर्ग म्हणजे आपली मध्यरात्र, आणि सकाळी कोर्ट असेल तर हाल विचारू नका.

विद्यापीठ निवडताना त्यांना दोन गोष्टी विचारा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेला सुधारित कंपनी कायदा शिकवता का? भागधारकांनी कबूल केलेलं भांडवल पाच वर्षांत भरायचं, हे त्याच कायद्यात आलं. जुनीच टिपणं फिरवत असतील तर तिथेच कळेल. दुसरं, शिकवणाऱ्यांत चीनमध्ये प्रत्यक्ष वकिली केलेलं कुणी आहे का. सुट्टी काढणं शक्य असेल तर बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठाचं इंग्रजीतलं एलएलएम किंवा हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीचं चिनी व्यवसाय कायद्याचं एलएलएम माझ्या मते ऑनलाइनपेक्षा सरस, पण ती तिथे राहून करायची.

तुमच्याकडे आज चीनशी व्यवहार करणारा एकही अशील नसेल, तर आधी तो शोधा. बुटीबोरी, हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत चौकशी केलीत तर यंत्रं मागवणारे सापडतील. त्यांचे दोन-तीन करार वाचून बघा आणि फी त्यानंतर भरा.