घर-दुरुस्ती : तुमचे प्रश्न

प्रश्न : आमच्या घराला उतरतं पत्र्याचं छप्पर आहे. त्याखालच्या पोटमाळ्यावर गाद्या, पुस्तकं, अडगळ ठेवतो. उन्हाळ्यात वर जाववत नाही, म्हणून पत्र्याखाली ग्लासवूल ठासून बसवलं आणि वळचणीच्या फटीही बुजवून घेतल्या. आता थंडीत खोकी ओलसर लागतात, पुस्तकांना बुरशी आली. पत्रा गळत नाही, हे भर पावसात वर बसून पाहिलंय. मग पाणी येतं कुठून?

उत्तर : खालून! स्वयंपाक, आंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे, आपला श्वास, या सगळ्याची वाफ गरम हवेबरोबर माळ्याच्या झाकणाच्या फटीतून वर जाते आणि गार पत्र्याला लागून तिचं पाणी होतं. आधी वळचणीतला वारा ती वाहून नेत होता. ती वाट तुम्ही बंद केलीत. खात्री करायची तर थंडीतल्या पहाटे बॅटरी घेऊन वर जा आणि पत्र्यातून आत आलेल्या स्क्रूंची टोकं बघा. गळती असेल तर ओल एकाच जागी दिसते. इथे बहुतेक टोकाटोकाला थेंब लटकलेला दिसेल.

तेव्हा वळचण आधी मोकळी करा. पण खालून हवा आत आली तरी वरून बाहेर जायला हवी, म्हणून आढ्याजवळ किंवा दोन्ही बाजूंच्या तिकोनी भिंतींत उंचावर झरोके ठेवा. माळ्याच्या क्षेत्रफळाच्या 1/150 इतकी एकूण मोकळी जागा असावी, साधारण निम्मी खाली, निम्मी वर. म्हणजे 300 चौरस फुटांच्या माळ्याला 2 चौरस फूट. उंदीर-पाकोळ्यांसाठी जाळी लावाच. मात्र जाळीच्या तारांनी अडवलेली जागा या हिशेबात धरू नका.

झाकणाला कडेनं रबरी पट्टी लावा, वायरींची भोकं बुजवा. न्हाणीघराच्या एक्झॉस्टचा पाइप माळ्यातच सोडलेला नाही ना, तेही पाहा. हा उद्योग मी फार ठिकाणी पाहिलाय. तो पाइप थेट घराबाहेर न्यायचा.

आता ग्लासवूल. माळ्यावर कुणी राहत नाही, गारवा हवाय तो खालच्या खोलीला. मग ते पत्र्याखालून काढून, जे कोरडं असेल तेवढंच, तुळयांमध्ये जमिनीवर अंथरा. हातमोजे आणि मास्क घालूनच. वळचणीपर्यंत रेटू नका, नाहीतर पुन्हा वाट बुजेल. आणि दाबू तर मुळीच नका: उष्णता अडवते ती तंतूंत अडकलेली हवा, ट्रंकेखाली चेपल्यावर ती उरतेच किती? सामानासाठी लाकडी पट्ट्यांवर उंच फळ्या टाका. दिव्यांच्या वायरी ग्लासवूलखाली गाडल्या तर तापतात, त्या वरून न्या.

उन्हाळ्यात पत्र्याची धग कमी करायला वाशांच्या खालून चकचकीत फॉइल ताणा. बारीक छिद्रांचं घ्या, म्हणजे वाफ कोंडणार नाही. चकाकती बाजू खाली ठेवा, कारण वरच्या बाजूवर धूळ बसली की चकाकी गेली. पत्रा आणि फॉइल यांत दोनेक इंच अंतर सोडा. चिकटवलंत तर पैसे वाया.

एवढं करूनही माळा उन्हाळ्यात बाहेरच्याइतका तरी तापणारच. गाद्या चालतील, पत्र्यापासून आणि भिंतीपासून वीतभर लांब. फोटो, कॅसेट आणि रंगाचे डबे खाली आणा. पुस्तकंसुद्धा, पण बुरशी घराबाहेर झटकून, पानं पूर्ण वाळल्यावरच.