पंचायतीला अर्ज दिल्याने मुदत थांबत नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय: परसातल्या विहिरीला गेल्या गणपतीपासून पेट्रोलचा वास येतो, शेजारी पंप आहे. पंचायतीला अर्जावर अर्ज दिले. खासगी लॅब म्हणते पाणी ठीक. आता शिमगा उलटला, तर पुण्याच्या हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, जावं का?

अशी पत्रं निपाणी-चिकोडीकडूनही येतात आणि घात प्रत्येक वेळी तारीख करते. राष्ट्रीय हरित लवाद कायदा, 2010 च्या कलम 14 खाली दाव्याचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत दाद मागावी लागते. सबळ कारण दाखवलंत तर आणखी 60 दिवस. त्यापुढे मुदत वाढवायचा अधिकार लवादालाही नाही. तुमचे सहा महिने सरले, उरलेत ते हे 60 दिवस. पंचायतीच्या पोचपावत्या उशिराचं कारण सांगायला जोडा, पण त्यांनी मुदत थांबलेली नाही. दिवाळीतच वकील का गाठला नाहीत? कलम 15 खाली भरपाई मागायला पाच वर्षं आहेत खरी, पण त्या भरवशावर गळती चालू ठेवू नका. आणि पुणे नव्हे: कर्नाटकाचे दावे चेन्नईच्या खंडपीठाकडे जातात. अर्ज ऑनलाइन भरता येतो.

तुमच्या रिपोर्टचा उपयोग नाही. कोल्ड्रिंकच्या अर्ध्याच भरलेल्या बाटलीत पाणी नेलंत. पेट्रोलमधलं बेन्झिन वरच्या मोकळ्या जागेत उडून जातं. शिवाय तपासणी झाली क्षारांची आणि जिवाणूंची. नमुना 40 मिलीच्या काचेच्या कुपीत काठोकाठ भरतात, झाकणाला आतून टेफ्लॉनचं अस्तर असतं. कुपी उलटी केल्यावर बुडबुडा दिसला तर नमुना बाद. ती बर्फात ठेवून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबला द्या आणि बेन्झिन, टोल्युइन, एथिलबेन्झिन, झायलिन तपासा असं लिहून द्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव कार्यालयालाही नमुना घ्यायला आजच लेखी कळवा, पोच घ्या. रिपोर्टची वाट पाहत दावा अडवू नका. तो मागाहून जोडता येईल.

गळती पंपाच्याच टाकीची, हे शाबीत होईल का, भरपाई किती मिळेल, हे कागद पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

तोवर ते पाणी पिऊ नका. उकळूही नका, वाफ घरातच कोंडते. पोरांना त्या पाण्याने आंघोळही नको.