ऑबफस्केट, ऑब्स्क्युअर, गार्बल, इक्विव्होकेट... सगळ्यांचा अर्थ ‘अस्पष्ट करणे’, मग फरक कसा ओळखायचा?

तुम्ही लिहिलंय की बँकेच्या परीक्षेची तयारी करताना हे शब्द भेटले, आणि शब्दकोशात प्रत्येकापुढे ‘अस्पष्ट करणे’ किंवा ‘संदिग्ध करणे’ एवढंच सापडलं. मी मुंबईत गेली अठरा वर्षं इंग्रजी करारपत्रांचं मराठी भाषांतर करते, त्यामुळे या शब्दांशी रोजची गाठ आहे. नुसते अर्थ पाठ करून ते हाती लागत नाहीत. वाक्यात अस्पष्टता आणली कुणी, ते आधी शोधा.

हिवाळ्यात सकाळी वरळीच्या समुद्रावर धुरकं दाटतं आणि सी लिंक दिसेनासा होतो. इथे ऑब्स्क्युअर चालतो, ऑबफस्केट चालत नाही. धुरक्याला काही लपवायचं नसतं. पूल आहे तिथेच आहे, मध्ये काहीतरी आलंय, एवढंच ऑब्स्क्युअर सांगतो. झाडाआड गेलेली दुकानाची पाटी, होर्डिंगमागे दडलेली खिडकी, यांनाही तोच लागतो. (विशेषण म्हणून आला तर अर्थ जरा सरकतो: ऑब्स्क्युअर कवी म्हणजे बहुतेक वेळा फारसा कुणाला ठाऊक नसलेला कवी.)

ऑबफस्केटला मात्र माणूस लागतो, नाहीतर माणसाने लिहिलेला मजकूर. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘फुस्कस’ आहे, म्हणजे काळपट. समोरच्याला दिसू नये म्हणून केलेला अंधार. मराठीत याला सर्वात जवळचा शब्द ‘धूळफेक’, आणि मी भाषांतरात तोच वापरते.

या शब्दाचं वजन मला आमच्या परळच्या चाळीच्या पुनर्विकासात कळलं. विकासकाचं अकरा पानी इंग्रजी पत्र आलं. पहिल्या पानावर ‘कार्पेट एरिया’, चौथ्यावर ‘युजेबल एरिया’, नवव्यावर ‘सुपर बिल्टअप’, आणि आकडा तिन्हीकडे एकच. हे होऊच शकत नाही. २०१६च्या रेरा या घरबांधणी व्यवसायावर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या आहे: घरातली वापरायची जागा, आतल्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी वगळून. सुपर बिल्टअपमध्ये जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटाही घालतात. बैठकीत तळमजल्यावरच्या आजींनी सरळ विचारलं, “घरात लादी किती बसणार, तेवढं सांगा.” विकासकाचा माणूस बराच वेळ बोलला, पण आकडा काही सांगितला नाही.

चाळीतर्फे उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी ‘तुमचं पत्र क्षेत्रफळ ऑबफस्केट करतं’ असं लिहिलं. सेक्रेटरीकाकांनी थांबवलं, म्हणाले, हा आरोप आहे, सिद्ध करता येईल का? त्यांचा प्रश्न योग्य होता. ‘आम्ही कन्फ्यूज झालो’ असं लिहिलं असतं तर कमीपणा आमच्या समजुतीकडे आला असता. ‘अनक्लिअर’ लिहिलं असतं तर दोष पत्राचा, पण हेतूचा नाही. ऑबफस्केट म्हटलं की तुम्ही हे जाणूनबुजून केलंत, असं म्हणणं होतं. तीन नावांना एकच आकडा, हा पुरावा आमच्याकडे होता, म्हणून शब्द ठेवला. पुढच्या पत्रात फक्त ‘रेरा कार्पेट’ आलं, आणि आकडा आधीपेक्षा लहान होता. आजींना तो कळला.

संगणकाच्या क्षेत्रात मात्र हा शब्द आरोप नसतो. ॲप बाजारात आणण्याआधी कोडमधली अर्थपूर्ण नावं बदलून ‘ए’, ‘बी’ अशी करतात, म्हणजे नक्कल करणाऱ्याला वाचणं जड जावं. यंत्राचं काम तेच राहतं. ‘सी’ या संगणकाच्या भाषेत मुद्दाम दुर्बोध प्रोग्राम लिहिण्याची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धाही १९८४मध्ये सुरू झाली. हेतू इथेही आहेच, फक्त तो उघड सांगितलेला आहे.

आता माझा सर्वात आवडता: गार्बल. उन्हाळ्यात लालबागच्या मिरची गल्लीत बायका मिरच्या-धणे घेऊन निवडतात, चाळतात आणि डंकावर कुटायला देतात ना, या शब्दाचा जन्म त्याच कामातला आहे. अरबी ‘घरबला’ म्हणजे चाळणे. मसाल्याच्या व्यापाराबरोबर तो इटालियनमधून इंग्रजीत पोचला, आणि लंडनमध्ये मसाल्यातला कचरा काढून माल तपासणाऱ्याला ‘गार्बलर’ म्हणत. मग कुणीतरी दुसऱ्याचं बोलणं चाळून आपल्या सोयीचं तेवढंच पुढे केलं, त्यालाही गार्बल म्हणू लागले. शेवटी उरला तो नुसता विस्कटलेला मजकूर. निवडून स्वच्छ करण्याचा शब्द घोळ घालण्याचा झाला! आज तो बहुधा ‘गार्बल्ड’ या रूपात भेटतो: दादरच्या पुलावर गर्दीत ऐकू येणारी, अर्धी खरखर असलेली घोषणा गार्बल्ड. तिथे कुणाचा हेतू शोधू नका.

इक्विव्होकेट तर आपल्याला महाभारतातूनच पाठ आहे. लॅटिनमध्ये ‘समान’ आणि ‘आवाज’ या दोन शब्दांपासून तो बनला. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताना युधिष्ठिराने हेच केलं: वाक्य खोटं नाही, दोन्ही अर्थ सारखेच ऐकू येतात, आणि द्रोणांनी कुठला धरावा हे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. परीक्षेत हा शब्द आला की हीच ओळ आठवा.

ब्लर आणि मडल सोपे आहेत. ब्लरमध्ये कड पुसट होते (फोटोतला चेहरा, दोन गोष्टींमधली सीमारेषा), मडलमध्ये क्रम बिघडतो, आणि त्यात लबाडीपेक्षा गबाळेपणा जास्त.

अँबिग्युअस आणि व्हेग यांत मात्र चुकू नका. अँबिग्युअस म्हणजे द्व्यर्थी, नेमके दोन किंवा अधिक अर्थ निघणारं. व्हेग म्हणजे मोघम, ज्यातून धड एकही अर्थ निघत नाही. आणि जे मोघम वाटतं ते दरवेळी तसं असतंच असं नाही. पावसाळ्यात हवामान खातं ‘तुरळक ठिकाणी’ पाऊस पडेल म्हणतं, तेव्हा आपण ते हातचं राखून बोलणं समजतो. पण त्यांच्या परिभाषेत ‘तुरळक’ म्हणजे इंग्रजी ‘आयसोलेटेड’: त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस, ‘स्कॅटर्ड’ म्हणजे २६ ते ५० टक्के. अशा अंदाजाला व्हेग म्हणाल तर उत्तर चुकेल.